म्युनिसिपालिटीचे एक सभासद : महात्मा जोतीराव फुले

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कांजूरमार्गातील ज्या गृहस्थास पालिकेकडे काही काम असते, त्यास भांडुप येथील ‘एस’ विभागाच्या कचेरीची वाट धरावी लागते. नळास पाणी कमी येते, गल्लीतील दिवा आठ दिवस लागला नाही, गटार तुंबले, जन्माचा दाखला हवा, अशा नाना प्रकारच्या गाऱ्हाण्यांसाठी तुमचे वडील किंवा आई कधी ना कधी त्या कचेरीच्या पायऱ्या चढली असतील. सन १९५० साली मुंबई शहराची हद्द वाढून भांडुपपर्यंत आली, तेव्हा आपला हा भाग मुंबईच्या पालिकेत सामील झाला. तत्पूर्वी कांजूर हे भातखाचरांचे व मिठागरांचे लहानसे गाव होते. गावाचे शहर झाले, पण पाणी, दिवा, रस्ता व शाळा या चार गोष्टींची चिंता काही सुटली नाही; ती फक्त एका चावडीतून दुसऱ्या चावडीत गेली.

नागरिकशास्त्राच्या तासास मी वर्गात एकदा विचारले की, जोतीराव फुले कोण होते? साऱ्या वर्गाने हात वर केले. मुलींची शाळा काढणारे, सत्यशोधक समाज स्थापणारे, सावित्रीबाईंचे पती, अशी उत्तरे झरझर आली. परंतु हेच जोतीराव सहा वर्षे पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि आज आपले नगरसेवक ज्या विषयांवर वाद घालतात त्याच विषयांवर तेही भांडत होते, हे एकासही ठाऊक नव्हते. हा दोष मुलांचा नव्हे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट एका ओळीत येते व निघून जाते. म्हणून त्यांचे चरित्र या अंकात थोडे निराळ्या बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुणे येथे झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण व मूळचे आडनाव गोऱ्हे. त्यांचे आजोबा शेटीबा उदरनिर्वाहासाठी पुण्याच्या बाजूस आले, व पुढे या कुटुंबाकडे पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचे काम आले. त्या कामाच्या मोबदल्यात त्यांस जमीन इनाम मिळाली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तोच त्यांची आई चिमणाबाई परलोकवासी झाली. वडील गोविंदराव यांनी दुसरा विवाह केला नाही. सगुणाबाई क्षीरसागर नावाच्या नात्यातील एका विधवा बाईने या मुलाचा सांभाळ केला. ही बाई एका मिशनरी गृहस्थाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत असे, व त्या घरात तिने मुलांस कसे वाढवितात, कसे शिकवितात हे डोळ्यांनी पाहिले होते. पुढे जोतीरावांच्या मनात शिक्षणाविषयी जी ओढ उत्पन्न झाली, तिचे पहिले बीज या अशिक्षित बाईने पेरले असे म्हणावयास हरकत नाही.

मुलास पंतोजींच्या शाळेत घातले खरे, पण थोड्याच वर्षांत गोविंदरावांच्या कानाशी कोणी लागले की, माळ्याच्या पोरास शिकून करावयाचे काय, शिकल्यावर तो शेतास निरुपयोगी होईल. वडिलांनी मुलाचे नाव काढून त्याच्या हाती खुरपे दिले. सुदैवाने शेजारी दोन समंजस माणसे होती. एक गफार बेग मुनशी नावाचे फारसीचे शिक्षक, व दुसरे लिजिट नावाचे युरोपीय गृहस्थ. शेतात दिवसभर राबून रात्री समईच्या उजेडात वाचीत बसणाऱ्या या मुलाची बुद्धी त्यांनी ओळखली, गोविंदरावांची समजूत घातली, आणि सन १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तत्पूर्वी एक वर्ष, वयाच्या तेराव्या वर्षी, नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. एक मुसलमान शिक्षक व एक ख्रिस्ती गृहस्थ एका हिंदू माळ्याच्या अंगणात बसून त्याच्या मुलाच्या शाळेविषयी रदबदली करीत आहेत, हे दृश्य माझ्या मनासमोर नेहमी उभे राहते. ज्यास आपण शहराचे सार्वजनिक जीवन म्हणतो, त्याचा आरंभ कित्येकदा कचेरीत होत नाही, असा अंगणात होतो.

मिशनच्या शाळेत ते सन १८४७ पर्यंत होते. तेथे त्यांस सदाशिव बल्लाळ गोवंडे व मोरो विठ्ठल वाळवेकर यांसारखे ब्राह्मण मित्र मिळाले, इंग्रजी भाषा मिळाली, आणि तिच्या वाटेने थॉमस पेन या ग्रंथकाराचे मानवी हक्कांविषयीचे पुस्तक हाती पडले. ख्रिस्ती धर्माची नीतितत्त्वे त्यांनी आदराने अभ्यासिली, परंतु त्यांनी तो धर्म स्वीकारला नाही. आमच्यापैकी काही जण त्याबद्दल हळहळतात, तर बाहेरचे काही जण ते मिशनच्या हातचे बाहुले होते असा आरोप करितात. दोन्ही गोष्टी व्यर्थ होत. शाळेचे काम डोळे उघडण्याचे; उघडल्या डोळ्यांनी विद्यार्थ्याने काय पाहावे हे त्याचे त्याने ठरवावयाचे असते.

सन १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालत असता, शूद्राने ब्राह्मणांच्या बरोबरीने चालावे हे न खपून कोणी त्यांचा कठोर शब्दांत अपमान केला व त्यांस मिरवणुकीतून बाहेर काढले. हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी ते अहमदनगरास गेले असता अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, आणि परत येऊन पुण्यास बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढिली. सावित्रीबाईंस त्यांनी स्वतः शिकविले व त्या त्या शाळेत शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर चिखल फेकीत. म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे नेत, असे सांगतात. समाजाच्या दडपणाने गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. तरीही शाळा वाढल्या. अस्पृश्य मानलेल्या महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. सन १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांस शालजोडी अर्पण करण्यात आली. ज्या शहराने त्यांजवर चिखल फेकिला त्याच शहरात चार वर्षांत शालजोडी मिळाली, हे ध्यानात ठेवावे. कारण पुढे हाच क्रम उलटसुलट अनेक वेळा चालावयाचा आहे.

शाळांच्या पाठोपाठ सन १८६३ मध्ये त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडिले. फसलेल्या विधवांनी तेथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे, अशी व्यवस्था होती. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास, यशवंतास, फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतले.

आता पाण्याच्या गोष्टीकडे वळू, कारण जोतीरावांचे नगरकार्य मला येथूनच सुरू झाले असे वाटते. पुणे शहरास त्या काळी पाणी मिळे ते विहिरींचे, नदीचे व पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळीने आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडलेले. हौद सार्वजनिक म्हणविले जात. पण तो शब्द सर्वांस सारखा लागू नव्हता. अस्पृश्य जातींच्या स्त्रिया मडके घेऊन दूर उभ्या राहात आणि कोणा दयाळू माणसाने वरून पाणी ओतावे याची वाट पाहात. उन्हाळ्यात ही वाट प्रहर प्रहर पाहावी लागे. तहानेने व्याकूळ मूल कडेवर, समोर भरलेला हौद, आणि हात पुढे करण्याची बंदी! सन १८६८ मध्ये जोतीरावांनी गंज पेठेतील आपल्या घराचा हौद या लोकांस खुला केला. कोणीही यावे, आपल्या हाताने पाणी भरून न्यावे. त्याच वर्षी त्यांचे वडील निवर्तले होते, आणि जातभाई तर अगोदरच रागावलेले होते. स्वतःच्या जातीतील माणसांचा रोष पत्करून दुसऱ्याच्या घागरीची काळजी करणे हे वर्तमानपत्रात लेख लिहिण्याहून फार कठीण आहे.

या हौदाला ना सरकारची मंजुरी होती ना म्युनिसिपालिटीचा ठराव. एका गृहस्थाने आपल्या अंगणापुरते शहर जसे असावे तसे करून दाखविले, इतकेच. आठ वर्षांनी सरकारने त्याच गृहस्थास म्युनिसिपालिटीत नेमिले.

मधल्या काळात त्यांच्या उपजीविकेचे साधन कोणते होते हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे, कारण समाजसुधारक हे वाऱ्यावर जगतात अशी पुष्कळांची समजूत असते. जोतीराव कंत्राटदार होते व शेतीही करीत. सरकारी बांधकामांस दगड व चुना पुरविण्याची कामे ते घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा असाच संबंध आला. इमारत कशी उठते, मजुरी कोणाच्या हाती किती पडते, बिलात किती लिहिले जाते आणि मधल्या मध्ये किती नाहीसे होते, हे त्यांनी जवळून पाहिले व पुढे आपल्या लेखनात उघडपणे मांडिले. म्युनिसिपालिटीच्या सभासदास याहून उपयुक्त शिक्षण कोणते मिळणार? सन १८७३ मध्ये त्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, व त्याच सालच्या २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्या समाजाचा इतिहास हा स्वतंत्र विषय असल्यामुळे येथे त्यात शिरत नाही.

पुण्याची म्युनिसिपालिटी सन १८५७ मध्ये स्थापन झाली होती. जोतीराव तिचे सभासद झाले सन १८७६ मध्ये, व सन १८८२ पर्यंत राहिले. तेव्हाची म्युनिसिपालिटी आजच्यासारखी नव्हती. मतपेट्या नव्हत्या, उमेदवार दारोदार हिंडत नसत, निवडणुकीच्या मिरवणुका निघत नसत. सभासद सरकार नेमी, आणि गावातील प्रतिष्ठित मंडळींतून नेमी. ज्याने नेमिले त्याच्या इच्छेविरुद्ध सहसा कोणी बोलत नसे. बोलण्याचे कारणही नसे, कारण सभासदत्व हा एक मान होता, दरबारात मिळणाऱ्या खुर्चीसारखा. शहराची वस्ती लाखाच्या आसपास. उत्पन्नाचे मोठे साधन म्हणजे बाहेरून शहरात येणाऱ्या मालावरील जकात. हा मुद्दा किंचित रुक्ष असला तरी मुलांनी तो नीट समजून घ्यावा. जकात नाक्यावर व्यापारी भरी, परंतु तो ती मालाच्या किमतीत चढवी; म्हणजे अखेरीस ती भरी तो विकत घेणारा. शेरभर धान्य घेणारी मोलकरीणही नकळत म्युनिसिपालिटीच्या तिजोरीत आपला वाटा टाकीत असे. तिला मात्र त्या सभागृहात बसावयास खुर्ची नव्हती, आणि तिची बाजू मांडणारा सभासदही क्वचितच.

जोतीराव सभासद झाले त्याच वर्षी दुष्काळाची छाया पडू लागली, व सन १८७७ मध्ये दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. खेड्यापाड्यांतून उपाशी माणसे गावे सोडून निघाली. सत्यशोधक समाजाच्या साहाय्याने जोतीरावांनी धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी अन्न व आश्रय यांची सोय केली, आणि त्यासाठी लोकांकडे मदतीची याचना केली. हे काम म्युनिसिपालिटीचे नव्हते, पण ते करणारा हात एकच होता. सकाळी ज्याने पोरक्या मुलांस भाकरी वाढलेल्या पाहिल्या, तो संध्याकाळी सभेस जाऊन खर्चाच्या यादीकडे कोणत्या दृष्टीने पाहील हे सांगावयास नको.

तशी एक यादी लवकरच पुढे आली. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारावे, व त्याकरिता म्युनिसिपालिटीच्या फंडातून एक हजार रुपये खर्च करावेत अशी सूचना निघाली. आजच्या काळात हजार रुपयांचे कोणास काही वाटणार नाही; परंतु त्या काळी त्या रकमेत एखादी लहान शाळा दीर्घकाळ चालली असती. म्युनिसिपालिटीचे सभासद बत्तीस होते. एकतीस जणांनी संमती दिली. जोतीरावांनी दिली नाही. कर देणाऱ्यांचा पैसा अशा थाटमाटात घालविण्यापेक्षा तो गरीब लोकांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांनी स्पष्टपणे कळविले. ठराव अर्थातच मंजूर झाला.

मित्रहो, येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. ज्या सरकारने त्यांस सभासद नेमिले त्याच सरकारच्या मुख्य अधिपतीच्या स्वागताचा हा खर्च होता. नाही म्हणण्याने खर्च थांबणार नव्हता, हे त्यांस ठाऊक होते. त्यांची कंत्राटे सरकारी होती. गप्प बसण्याला अगदी सभ्य अशी अनेक कारणे होती, व ती त्या एकतीस जणांस सापडलीही असतील. ते सारे वाईट गृहस्थ होते असे मला मुळीच वाटत नाही. कोणी विचार केला असेल की पाहुण्याचा अनादर नको, कोणी म्हणाला असेल की आपल्या एकट्याच्या मताने काय होणार. एका सहलीत आम्ही पुण्यास गेलो असता हा प्रसंग मी सांगितला, तेव्हा सहावीतल्या एका मुलाने मला विचारले की, मग उरलेल्या एकतीस जणांची नावे काय? मला एकही नाव सांगता आले नाही.

दुसरा विषय मद्याचा. सन १८८० च्या जुलै महिन्यात जोतीरावांनी म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहून शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांकडे त्यांचे लक्ष वेधले. पूर्वी शहरात अशी दुकाने नसत, आता ती वस्तीत शिरली आहेत, आणि त्यांमुळे किती संसार धुळीस मिळत आहेत हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या म्हणण्यात एक बारीक पण पक्का धागा होता. म्युनिसिपालिटी लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करिते. मग त्या आरोग्याचा नाश करणाऱ्या धंद्याकडे तिने डोळेझाक का करावी? दारूबंदीवर व्याख्याने देणारे पुष्कळ असतात, पण हा प्रश्न नगराच्या जमाखर्चाचा म्हणून मांडणारा विरळा. दुकानांचे परवाने देणे म्युनिसिपालिटीच्या हाती नव्हते, ते सरकारच्या अबकारी खात्याचे काम. आणि त्या खात्यास दारूचे उत्पन्न हवे होते. तेव्हा या पत्राने दुकाने बंद झाली नाहीत. आपल्या कांजूरमार्ग-भांडुपच्या बाजूस ज्या मातांस महिनाअखेरच्या पगाराची अर्धी वाट कोठे लागते हे ठाऊक आहे, त्यांस या पत्राचे महत्त्व मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरा विषय मंडईचा, आणि येथे मात्र जोतीरावांच्या बाजूने व विरुद्ध दोन्ही बोलता येते. पुण्याची भाजी त्या काळी शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या पटांगणात विकली जाई. माळणी पहाटे टोपल्या घेऊन येत, जमिनीवर फडके पसरीत, आणि दुपारपर्यंत विकून घरी जात. म्युनिसिपालिटीच्या मनात शुक्रवार पेठेत दगडी, भव्य अशी बंदिस्त मंडई बांधावयाची होती. जोतीरावांनी तिला विरोध केला; हरि रावजी चिपळूणकर यांनीही केला. एवढा मोठा खर्च इमारतीवर न करिता तो शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय उघड्यावर बसून विकणाऱ्या गरीब बाईस नव्या इमारतीत गाळ्याचे भाडे पडणार, आणि तो भार तिच्या टोपलीवर येणार, ही भीती होतीच. याउलट, पाऊस, ऊन व घाण यांपासून विकणाऱ्याचे व घेणाऱ्याचे रक्षण करणारी मंडई शहरास हवीच होती, असे दुसरा पक्ष म्हणे, आणि ते खोटे नव्हते. मला स्वतःला वाटते की मंडई बांधणे योग्य होते, पण प्रश्न विचारणेही तितकेच योग्य होते. मंडई सन १८८६ मध्ये पूर्ण झाली, व तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. तिचा उंच मनोरा आजही लांबून दिसतो.

अशा रीतीने तीन मोठ्या विषयांत जोतीरावांच्या मनाप्रमाणे एकही गोष्ट झाली नाही. म्युनिसिपालिटीतील त्यांच्या कारकिर्दीचा नुसता हिशेब मांडला तर तो तोट्याचाच दिसतो. परंतु या सहा वर्षांत जे मनात साठले त्याचे फळ दुसरीकडे आले. सन १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमिले. त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आपले निवेदन सादर केले. निवेदनाखाली सही करिताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपालिटीचे सभासद अशी दिली आहे; समाजसुधारक अथवा ग्रंथकार अशी दिलेली नाही. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. जमीन कसणारा, माल विकणारा व नगराच्या सभेत बसणारा मनुष्य या नात्याने ते सरकारशी बोलत होते. शेतकऱ्याच्या श्रमातून महसूल गोळा होतो आणि त्यातून वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा अन्याय त्यांनी आकड्यांच्या भाषेत मांडिला, आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. व्हाइसरॉयच्या कमानी, मंडईचे दगड व हंटर कमिशन, तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : पैसा भरतो कोण, आणि शाळेत बसते कोणाचे मूल? सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा कायदा आपल्या देशात सन २००९ मध्ये झाला, म्हणजे त्या निवेदनानंतर एकशे सत्तावीस वर्षांनी.

योगायोग असा की, ज्या वर्षी जोतीरावांचे सभासदत्व संपले त्याच १८८२ सालच्या मे महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव जाहीर केला. त्यानंतर म्युनिसिपालिट्यांत लोकांनी निवडलेले सभासद अधिकाधिक येऊ लागले, आणि नेमलेल्या मंडळींचा काळ हळूहळू मागे पडला. निवडणुकीत मात्र मत देण्याचा अधिकार घरपट्टी व कर यांच्या मापाने मिळे. मोलकरणीस तो मिळण्यास स्वतंत्र भारताची घटना यावी लागली.

त्याच वर्षाची आणखी एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूर प्रकरणी टिळक व आगरकर यांजवर खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या जामिनाची व्यवस्था करण्यात जोतीरावांनी पुढाकार घेतला. त्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. मते जुळत नव्हती, आणि पुढेही जुळली नाहीत. एका गावात राहणाऱ्या माणसांनी मतभेद कोठपर्यंत न्यावेत याचा हा एक नमुना आहे.

जोतीरावांची लेखणी तिखट होती, हे कबूल केले पाहिजे. ब्राह्मण वर्गावर त्यांनी केलेली टीका वाचताना कित्येक ठिकाणी वाचकाचे मन दुखावते, व त्यांच्या ब्राह्मण मित्रांचेही दुखावले असेल. पण ज्याने तहानलेल्या बायका हौदापासून दूर उभ्या राहिलेल्या पाहिल्या, त्याच्या भाषेत साखर शोधणे हेही न्याय्य नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा त्यांचा सन १८८३ मधील ग्रंथ वडील विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. त्यात पाटबंधारे, सावकारी, कोर्टकचेऱ्या व गावकामगार यांचे जे वर्णन आहे, ते खेड्यातून मुंबईस आलेल्या तुमच्या आजोबांस ओळखीचे वाटेल.

सन १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यास हरि रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांस मेजवानी दिली. रत्नहार व रेशमी पोशाख घातलेल्या मंडळींत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात जाऊन बसले, आणि या झगमगाटावरून देशाची कल्पना करू नये, खरी रयत पाहावयाची तर खेड्यात जावे, असे त्यांनी राजपुत्रास सांगितले. आठ-दहा वर्षांपूर्वी कमानींच्या खर्चास नकार देणारा सभासद आता सभासद राहिला नव्हता, पण त्याचे मत तेच होते. या वेळी ते ठरावावर नोंदविण्याऐवजी अंगावर घालून आला होता.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात लोकांनी त्यांचा सत्कार केला व रावबहादुर विठ्ठलराव वंडेकर यांनी त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. त्या दिवसासाठी पुण्याहून ते आगगाडीनेच आले असले पाहिजेत, म्हणजे आपल्या कांजूरच्या भातखाचरांच्या व मिठागरांच्या कडेने. दोन महिन्यांनी त्यांस पक्षाघाताचा झटका आला व उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याची सवय केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे शेवटचे पुस्तक पुरे केले. द्रव्याची फार ओढाताण होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. सन १८९७ मध्ये पुण्यास प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई व डॉक्टर झालेला त्यांचा दत्तक मुलगा यशवंत रोग्यांची शुश्रूषा करीत होते. त्या कामातच सावित्रीबाईंस प्लेग होऊन १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.

सन १९२५ मध्ये जोतीरावांचा पुतळा शहरात उभारावा अशी सूचना केशवराव जेधे यांनी पुणे म्युनिसिपालिटीत आणिली. जोतीराव ज्या सभेत बसत तिच्यापुढेच हा प्रश्न होता. तिला कडाक्याचा विरोध झाला, शहरभर वाद माजला, पत्रके निघाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, आणि पुतळा त्या वेळी उभा राहिला नाही. पुढे वारे फिरले. ज्या इमारतीस त्यांनी विरोध केला होता तिचे लॉर्ड रे यांचे नाव जाऊन ती महात्मा फुले मंडई झाली, आणि पुण्याची माळीण आज आपली टोपली त्याच नावाखाली मांडिते. गंज पेठेतील त्यांचे घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेले आहे. सहलीच्या दिवशी आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. मुलांनी घर पाहिले, भिंतीवरील चित्रे पाहिली, आणि मग सारी मुले आपण होऊन अंगणातील त्या हौदाभोवती जमून आत वाकून पाहू लागली.